वाचकांचे प्रश्न : डॉसवर चालणारा जुना लॅपटॉप आणि इंटरनेट

(सदरात आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत छापली आहेत, टंकताना ती अर्थातच रोमन लिपीत द्यावीत.)

प्रश्न : वडिलांच्या दुकानाचे हिशेब ज्या लॅपटॉपवर ठेवले जात, तो अजून चालू आहे. पेंटियम प्रोसेसर, ३२ एमबी मेमरी, बाजूला पीसीएमसीआयए कार्डाची खाच. विंडोज बिघडल्यामुळे मी त्यावर फ्रीडॉस बसवले आणि फॉक्सप्रोमधले जुने हिशेब व्यवस्थित उघडू लागले. आता तो घरच्या वाय-फायला जोडून त्या फाइली नव्या संगणकावर आणायच्या आहेत. त्यासाठी यूएसबीचे वाय-फाय डोंगल आणले, पण लॅपटॉप त्याची दखलच घेत नाही. माझे काय चुकते आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपले काही चुकलेले नाही, डोंगल परत करता आले तर तेवढे करावे. डॉसला मुळात नेटवर्क ठाऊक नाही. विंडोज किंवा लिनक्समध्ये नेटवर्कची यंत्रणा प्रणालीतच असते आणि कार्यक्रम तिच्याकडून काम करून घेतात. डॉस मात्र फाइली, स्मृती आणि कळफलक यांच्यापलीकडे फारसे पाहत नाही. मायक्रोसॉफ्ट एमएस-डॉस सोडून देणार हे दिसू लागल्यावर, १९९४ च्या जूनमध्ये, जिम हॉल या अमेरिकी विद्यार्थ्याने फ्रीडॉसचा प्रकल्प जाहीर केला, तेव्हा उद्दिष्ट जुन्या डॉसशी सुसंगत राहण्याचे होते, आणि ती सुसंगती आजही पाळली जाते. त्यामुळे डॉसच्या या मर्यादाही तिच्यासोबत आल्या. यूएसबी डोंगलसाठी लागणारा ड्रायव्हर आणि आजच्या वाय-फायची सांकेतिक सुरक्षा या दोन्ही गोष्टी डॉसमध्ये जवळजवळ नाहीतच असे समजून चालावे. मोजक्या जुन्या वाय-फाय कार्डांना डॉसचे ड्रायव्हर होते, परंतु त्यांची सुरक्षा डब्ल्यूईपी या केव्हाच मोडीत निघालेल्या पद्धतीची होती आणि तेवढ्यासाठी घरचा राउटर कमकुवत करणे शहाणपणाचे नाही.

म्हणून लॅपटॉपला तार लावावी आणि वाय-फायचे काम दुसऱ्या उपकरणावर सोपवावे. घरच्या फायबरच्या डब्याला मागे लॅनची छिद्रे असतात. लॅपटॉप त्याच खोलीत नेता आला तर प्रश्न तिथेच मिटतो. ते शक्य नसेल तर प्रवासात वापरतात तसा एक लहान राउटर घेऊन तो ‘क्लायंट’ पद्धतीने घरच्या वाय-फायला जोडावा आणि त्याच्या लॅन छिद्रातून तार लॅपटॉपकडे आणावी. वाय-फायचा पासवर्ड त्या राउटरला ठाऊक असला की पुरे, लॅपटॉपला तो कळण्याचे कारण नाही.

आपल्या लॅपटॉपला लॅनचे छिद्र नसल्यास पीसीएमसीआयए खाचेत बसणारे इथरनेट कार्ड लागेल, आणि खरेदी करताना सर्वाधिक चुका इथे होतात. ही कार्डे दोन जातींची असतात : जुनी १६-बिटची आणि नंतरची ३२-बिटची, जिला कार्डबस म्हणतात. कार्डबसच्या कार्डावर, खाचेत जाणाऱ्या टोकाला, बारीक उंचवटे असलेली सोनेरी पट्टी दिसते. डॉससाठी ही पट्टी नसलेले १६-बिटचे कार्ड शोधावे. जुन्या बाजारात पैसे देण्यापूर्वी त्या कार्डाचा डॉससाठीचा ‘पॅकेट ड्रायव्हर’ मिळतो आहे याची खात्री करावी, आणि कार्डासोबत त्याची लोंबती जोडतार मागून घ्यावी, कारण तिच्याविना ते कार्ड म्हणजे पत्र्याचा तुकडा आहे.

पॅकेट ड्रायव्हर हा या सगळ्या खटाटोपाचा कणा आहे. तो काही किलोबाइट जागा घेऊन स्मृतीत ठाण मांडतो, कार्डाशी त्याच्या भाषेत बोलतो आणि वरच्या कार्यक्रमांसाठी एक ठरावीक दार उघडून बसतो. हे दार म्हणजे सॉफ्टवेअर इंटरप्ट, म्हणजे कार्यक्रमांनी ड्रायव्हरला हाक मारण्याचा ठरलेला क्रमांक. प्रथेप्रमाणे त्याचा क्रमांक षोडशमान पद्धतीतील ६० असतो. काही कार्डांचे ड्रायव्हर खाचेचा नियंत्रक स्वतःच जागा करतात, तर काहींना आधी ‘एनेबलर’ नावाचा छोटा कार्यक्रम चालवावा लागतो. ड्रायव्हरला कार्डाचा हार्डवेअर इंटरप्ट, म्हणजे कार्ड ज्या क्रमांकाने प्रोसेसरचे लक्ष वेधते तो, सांगावा लागत असेल तर ३ हा क्रमांक दुसऱ्या सिरीयल पोर्टचा आणि ५ हा बहुधा ध्वनिकार्डाचा असतो, हे ध्यानात ठेवावे. ड्रायव्हर बसला, दिवाही लागला, तरी पलीकडून काहीच येत नसेल, तर दोन उपकरणांनी एकच क्रमांक घेतल्याने होणाऱ्या टकरीची शंका प्रथम घ्यावी.

यापुढचे काम मायकेल ब्रुटमन यांच्या एमटीसीपी या डॉससाठीच्या नेटवर्क-कार्यक्रमांच्या संचाने करावे. तो विनामूल्य आहे आणि अगदी पहिल्या पिढीच्या पीसीवरही चालतो. त्यासाठी साधी मजकूर-फाइल करून तिच्यात ‘पॅकेटइंट’ या शब्दापुढे वरचा इंटरप्ट क्रमांक लिहावा आणि ती फाइल कुठे आहे हे ‘एमटीसीपीसीएफजी’ या चलात (डॉसच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये) सांगावे. मग ‘डीएचसीपी’ ही आज्ञा दिली की राउटरकडून पत्ता मिळतो आणि तो त्याच फाइलीत लिहिला जातो. त्यानंतर ‘पिंग’ करून, म्हणजे पलीकडच्या यंत्राला हाक देऊन उत्तर येते का, ते पाहावे.

इथे बहुतेकांची फसगत होते. लॅपटॉपवरून राउटरला पिंग केल्यावर उत्तर येते, पण नव्या संगणकावरून लॅपटॉपला पिंग केले तर सारे सामसूम असते. हा बिघाड नव्हे. टीसीपी-आयपीची, म्हणजे इंटरनेटच्या संभाषण-नियमांची, यंत्रणा डॉसमध्ये नसून एमटीसीपीच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या पोटात असते. कार्यक्रम संपला की ती यंत्रणाही संपते, आणि कार्ड चालू असूनही लॅपटॉप मुका होतो. याचा एक फायदा असा की, आपण काही चालवत नसताना बाहेरून आत यायला कोणतेही दार उरत नाही.

फाइली आणण्यासाठी संचातील एफटीपी (फाइलींची देवाणघेवाण करणारा) सर्व्हर लॅपटॉपवर चालवावा आणि नव्या संगणकावरील कोणत्याही एफटीपी कार्यक्रमाने त्या ओढून घ्याव्यात. देवाणघेवाण ‘बायनरी’ पद्धतीचीच असावी. ‘आस्की’ पद्धतीत ओळींच्या शेवटाची चिन्हे बदलली जातात आणि फॉक्सप्रोची सारणी त्यात बिघडते. वडिलांचे हिशेब असे गमावणे परवडणारे नाही. मेमो प्रकारचे (लांब मजकुराचे) रकाने असतील तर मुख्य फाइलीसोबत त्याच नावाची, एफपीटी या शेपटीची फाइलही आणावी. शेवटी, पॅकेट ड्रायव्हर रोजच्या सुरुवातीच्या फाइलीत कायमचा लिहून ठेवू नये. ६४० केबीतल्या जागेसाठी तो फॉक्सप्रोशी झगडेल. एफडीकॉन्फिग फाइलीत ‘नेटवर्कसह’ आणि ‘नेटवर्कविना’ असे दोन पर्याय ठेवणे सोयीचे पडते.

प्रश्न : १९९६ साली आम्ही डॉसच्या संगणकावरून, साध्या मोडेमने, व्हीएसएनएलच्या इंटरनेटवर जात होतो. आज त्याहून चांगल्या लॅपटॉपवर, लॅन कार्ड बसवूनही, बहुतेक संकेतस्थळे उघडत नाहीत. बँकेचे पान तर नाहीच नाही. असे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली आठवण बरोबर आहे, मात्र तिच्यात एक बारकावा सुटतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हा अनेकांकडे ‘शेल’ खाते होते. त्या खात्यात आपला संगणक इंटरनेटवर नसेच. इंटरनेटवर असे तो व्हीएसएनएलचा युनिक्स संगणक, आणि आपला पडदा म्हणजे टेलिफोनच्या तारेने लांबवलेला त्याचा पडदा. सारे जड काम पलीकडे होई.

आज आपण लॅपटॉपलाच ते काम सांगत आहात. बहुतेक संकेतस्थळे आता एचटीटीपीएसवर, म्हणजे सांकेतिक केलेल्या जोडणीवरच बोलतात. तिच्या जुन्या आवृत्त्या, टीएलएस १.० आणि १.१, मार्च २०२१ मध्ये अधिकृतरीत्या निवृत्त झाल्या. त्यामुळे अराक्नीसारखा जुना डॉस ब्राउझर दारातूनच परततो. लिंक्स नावाच्या ब्राउझरची डॉस आवृत्ती त्यामानाने बरी. ती एचटीटीपीएस जाणते. तरीही जोडणी जुळवण्याचे गणित जुन्या प्रोसेसरला जड जाते, आणि पान उघडलेच तरी जावास्क्रिप्टवर बेतलेला भाग रिकामाच दिसतो. बँकेच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे : डॉसवरून बँकेचा व्यवहार करू नये, जमला तरीही. टेलनेट (दूरच्या संगणकावर लॉगिन करण्याची जुनी पद्धत) आणि एफटीपीमध्ये पासवर्ड उघडा जातो, म्हणून त्यांचा वापरही घरच्या नेटवर्कपुरताच ठेवावा.

वाचण्यापुरते इंटरनेट हवे असेल तर आपल्या १९९६ च्या अनुभवातच उपाय आहे. रास्पबेरी पायसारखा छोटा लिनक्स संगणक घरच्या वाय-फायवर ठेवावा, त्याला यूएसबी-सिरीयल जोड लावून नल-मोडेम तारेने (दोन संगणकांची सिरीयल पोर्टे थेट जोडणाऱ्या तारेने) लॅपटॉपचे सिरीयल पोर्ट जोडावे, पायवर त्या पोर्टातून लॉगिनची सोय चालू करावी आणि डॉसमध्ये एखादा टर्मिनल कार्यक्रम चालवावा. सांकेतिक जोडणीचे गणित पाय करतो, लॅपटॉप फक्त अक्षरे दाखवतो. इथे लॅन कार्ड किंवा पॅकेट ड्रायव्हर यांपैकी काहीच लागत नाही. मात्र पायच्या उघड्या टाचण्यांना सिरीयल पोर्टची तार थेट जोडू नये. त्या ३.३ व्होल्टच्या असतात आणि सिरीयल पोर्टचा दाब त्यांना जाळू शकतो. मला स्वतःला हा मार्ग कार्डाच्या शोधापेक्षा अधिक आवडतो.

प्रश्न : आमच्या कार्यालयात डॉसवर झकास मराठी दिसत असे. मग आता डॉसच्या ब्राउझरमध्ये मराठी पानांवर प्रश्नचिन्हे का येतात?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ते मराठी डॉसचे नव्हते, बहुधा जिस्ट कार्डाचे होते. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले हे तंत्र पुण्याच्या सी-डॅकने वाढवले. संगणकात बसवलेले ते कार्ड पडद्याचा ताबा घेई आणि देवनागरी स्वतः रेखाटी. डॉसला आपण केवळ आठ-बिटांची चिन्हे हाताळतो आहोत असेच वाटे. ती चिन्हे इस्की या संकेतानुसार असत : खालच्या १२८ जागा इंग्रजीला, वरच्या भारतीय लिपीला. आजची पाने युनिकोडमध्ये असतात. त्यांत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ नुसार तीन बाइट घेते, शिवाय जोडाक्षरे आणि मात्रा जुळवण्याचे काम पाहणाऱ्या संगणकाकडे असते. डॉसच्या मजकूर-पडद्यावर सर्वसाधारणपणे २५६ आकृत्यांचा संच असतो, आणि त्यात ‘क्ष’ कुठेच नाही.

त्या काळच्या मराठी फाइली आपल्याकडे असतील तर त्या डॉसमध्ये बदलण्याचा प्रयत्न करू नये. वर सांगितल्याप्रमाणे बायनरी पद्धतीने, एक बाइटही न हलवता, नव्या संगणकावर आणाव्यात आणि रूपांतर तिथे करावे. आयसीयू या मुक्त संचात इस्कीवरून युनिकोडकडे नेण्याची सोय आहे. रूपांतरानंतरही अक्षरे अर्थहीन दिसली, तर त्या फाइली इस्कीत नसून एखाद्या फॉन्टच्या खासगी संकेतात आहेत असे समजावे.

प्रश्न : एमटीसीपीच्या ‘एसएनटीपी’ने लॅपटॉपचे घड्याळ लावले की ते बरोबर ११ तास मागे पडते. भारताची वेळ साडेपाच तास पुढे असल्याचे मी नीट लिहिले आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ११ म्हणजे साडेपाचची दुप्पट, चूक चिन्हाची आहे. ‘टीझेड’ या चलात स्थानिक वेळेत किती मिळवले असता जागतिक वेळ येते, ते लिहायचे असते. भारत पुढे असल्यामुळे हा आकडा ऋण येतो. म्हणून ‘आयएसटी’ या अक्षरांपुढे वजा चिन्ह आणि मग ५:३० असे लिहावे. लॅपटॉप बंद करून पुन्हा लावल्यावर तारीख पुन्हा भलतीच दिसू लागली, तर आतील लहान बॅटरी संपली आहे. ती बदलताना जुनी गळून आसपासच्या तांब्याच्या रेषा हिरव्या पडल्या नाहीत ना, हेही पाहून घ्यावे.