अर्खम संपवून स्पायडरमॅनला आलो, झोके मस्त पण मारामारीत सारखा मरतो. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की अर्खम सिटी आणि अर्खम नाईट हे बॅटमॅनचे दोन्ही गेम पूर्ण केलेत, आता २०१८ चा स्पायडरमॅन गेम घेतलाय, शहरात फिरायला भारी वाटतं, फक्त वेग येत नाही, पण सहा-सात गुंड समोर आले की दोन मिनिटांत खेळ खल्लास. माझंही अगदी हेच झालं होतं, त्यामुळे खात्रीने सांगतो, तुमचा हात वाईट नाहीये, हाताला सवय बॅटमॅनची आहे.

अर्खममध्ये आपण काय करतो, घोळक्याच्या मधोमध उभं राहतो. गुंडाच्या डोक्यावर खूण दिसली की ट्रँगल (प्लेस्टेशनचं बटण, इथे काउंटर, म्हणजे येणारा वार अडवून उलटवणं), नाहीतर स्क्वेअर, म्हणजे ठोसा. बॅटमॅन स्वतःच चार-पाच फूट घसरत जाऊन पुढच्याला ठोकतो, अंतराची काळजी आपण करायचीच नाही, फक्त ताल धरायचा. काउंटरचं बटण म्हणजे तिथं कवचकुंडलंच. दिसायला स्पायडरमॅन सेम टू सेम, म्हणून आपण फसतो. पण २०१८ च्या गेममध्ये काउंटरचं बटणच नाहीये, आहे ते सर्कल, म्हणजे चुकवणं. आणि चुकवून परत तिथेच उभे राहिलात तर मागचा बंदूकवाला वाट बघतच असतो. (२०२३ च्या दुसऱ्या भागात एल वनवर पॅरी, म्हणजे वार झेलून परतवणं, आली, पण तिथंही नुसत्या पॅरीवर निभत नाही.)

मला उशिरा कळलेली गोष्ट ही की या गेममध्ये मारामारी म्हणजे फिरण्याचाच पुढचा भाग आहे. रस्त्यावर जसे तुम्ही क्वचितच जमिनीला पाय लावता तसंच भांडणातही लावायचा नाही. स्क्वेअर दाबून धरला की समोरचा हवेत उडतो आणि तुम्हीही त्याच्यासोबत वर जाता, तिथं त्याला चोपा, खालच्यांच्या लाथा-काठ्या पोचत नाहीत, मग ट्रँगलने लांबच्या बंदूकवाल्याकडे जाळं टाकून थेट त्याच्या अंगावर, तिथून पुन्हा वर. ढालवाला दिसला तर समोरून मारत बसू नका, त्याच्या दिशेने सर्कल दाबा, पायांमधून सरकून पाठीमागे निघाल. जाडजूड पैलवान असेल त्याला आधी आर वनने जाळ्यात गुंडाळा, मग हात लावा. आणि भिंत जवळ असेल तर गुंडाळलेला माणूस भिंतीवर आपटा, तो तिथेच चिकटतो आणि बाद, पूर्ण मार देत बसायची गरजच नाही. माझं अर्धं काम भिंतीच करतात.

फोकसचा (मारामारीत साठत जाणाऱ्या ताकदीचा) बार भरला की सगळे लोक फिनिशर, म्हणजे एका फटक्यात बाद करणारा वार, मारतात, दिसतो भारी. सुरुवातीला तो मोह टाळा, डी-पॅडवर (डावीकडच्या चार दिशांच्या बटणांत) खालचं बटण दाबून तोच फोकस तब्येतीला वापरा.

आता फिरण्याबद्दल, कारण तुम्ही म्हणताय मस्त वाटतं पण वेग येत नाही. लहानपणी नागपंचमीला झाडाला बांधलेल्या झोक्यावर उभं राहून खेळला असाल तर हे लगेच कळेल. आर टू, म्हणजे झोक्याचं बटण, अगदी वर जाईपर्यंत धरून ठेवलं तर उंची मिळते, झोका खालून पुढे सरकायला लागताच सोडलं तर वेग मिळतो. बहुतेक जण नेहमी वरच सोडतात, म्हणून सगळा प्रवास वरखाली-वरखाली होतो. मधेच एल थ्री (डावी काडी आत) दाबून सूर मारा, रस्त्याच्या अगदी जवळ येऊन जाळं टाका, मग बघा. गेममधल्या न्यूयॉर्कात हार्लेमकडे इमारती बुटक्या म्हणून झोके आखूड होतात, सेंट्रल पार्कात झाडांवर भागवावं लागतं, तिथे एल टू आर टू एकत्र दाबून समोर खूण दिसते त्या जागेवर थेट जा आणि टेकता टेकता एक्स दाबा.

हे जाळं खऱ्या इमारतीला चिकटणं आपण आता गृहीत धरतो, पण २००० सालच्या गेममध्ये ते वर आभाळात कुठेतरी जायचं. बदललं ते २००४ च्या स्पायडरमॅन २ ने, जेमी फ्रिस्ट्रम यांनी त्याचं झोक्याचं गणित बसवलं. आणि इथं माझी जुनी जखम: आमच्याकडे होता पीसी. त्याच नावाची सीडी हौसेने आणली, तर पीसीवरचा गेम वेगळाच, लहान मुलांसाठी सोपा केलेला, ठरलेल्या खुणांवर क्लिक केलं तरच जाळं. आठवडाभर मला वाटलं मलाच जमत नाहीये! पुढे मामेभावाकडे पीएस टूवर खरा गेम खेळलो तेव्हा कळलं की लोक कशाबद्दल एवढे बोलत होते. त्या दिवशी एकही मिशन केलं नाही, नुसते लटकत बसलो, मामी जेवायला हाका मारून दमली.

फिरणं आणि मारामारी असं एक असलेला आणखी गेम हवा असेल तर इन्फेमस सेकंड सन पण करून बघा, २०१४ चा आहे, सिएटल शहरात घडतो. तिथे तर पळणं आणि मारणं एकाच शक्तीवर चालतं, दुकानांच्या पाट्यांमधला निऑनचा उजेड शोषायचा आणि त्याच्याच जोरावर भिंतीवरून धावायचं नि त्यावरच गोळ्या झाडायच्या. गोष्ट ठीकठाक, पण हाताला मजा येते.

तूर्तास स्पायडरमॅनची डिफिकल्टी फ्रेंडली, म्हणजे सोपी, करा, लाज वाटून घेऊ नका, मधेच बदलता येते. मग फिस्क या खलनायकाचे बांधकामाच्या साइटवरचे अड्डे आहेत ना, तिथे सराव करा, कारण तिथे उंची आहे, भिंती आहेत आणि कडेला मोकळी हवा आहे. काठावरच्याला बिनधास्त खाली ढकला. कुणी मरत नाही, नंतर वाकून बघितलं तर इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला जाळ्यात चिकटलेला असतो, मी पहिल्यांदा खास बघायला खाली उतरलो होतो.