उसातनं उठून उसातच जायचं का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी वाळवा तालुक्यातला, घरचा नऊ एकर ऊस आहे. मुलगा ह्यूस्टनला असतो, तो म्हणतोय बाबा यावेळी आलात की मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशात जाऊ, माया लोकांचे पिरॅमिड बघू, ऑरेंज वॉक म्हणून गाव आहे तिथं राहू. मी मॅपवर बघितलं तर गावाच्या भोवतीनं सगळा ऊसच! मग एवढे पैसे घालून ऊसच बघायचा काय? आणि हे माया लोक ऊस लावत होते का? शिवाय मी माळकरी, जेवणाचं काय?
– एक वाचक, वाळवा

उत्तर : काका, प्रश्न वाचून हसले खरी, पण मुलाचं ऐका. त्या गावाला तिथले लोक शुगर सिटीच म्हणतात. हजारो छोटे शेतकरी, ऊस पेटवून तोडायचा, मग टॉवर हिलच्या कारखान्याबाहेर ट्रकांच्या रांगा, हे सगळं तुम्हाला आपल्याकडचंच वाटेल, फक्त भाषा स्पॅनिश (सरकारी भाषा इंग्रजी आहे, त्यामुळे अडत नाही).

माया लोक ऊस लावत नव्हते हो, त्यांना तो माहीतच नव्हता! त्यांचं मका, घेवडा, कोको, आणि गोडाला बिननांगीच्या माश्यांचा मध. ऊस अमेरिका खंडात नेला कोलंबसानं, 1493 च्या दुसऱ्या फेरीत, आणि बेलीझच्या उत्तरेला तो खऱ्या अर्थानं रुजला 1847 नंतर. तेव्हा शेजारच्या मेक्सिकोतल्या युकातानमध्ये माया लोकांनी बंड केलं, मोठं युद्ध पेटलं, तिकडून जीव वाचवून जे मेस्तिसो (स्पॅनिश आणि स्थानिक अशा मिश्र वंशाचे) आणि माया शेतकरी इकडे आले त्यांना ऊस लावायचं, गाळायचं माहीत होतं, तेच इथले पहिले ऊसवाले. म्हणजे मायांनी ऊस लावला का याचं उत्तर नाही पण आहे आणि हो पण आहे, फक्त मधे हजार-दीड हजार वर्षं गेली.

आता बघायचं काय तर लामानई, मायांचं जुनं गाव. टॉवर हिलच्या पुलापासून बोट मिळते, न्यू रिव्हर नदीतून तास-दीड तास, काठाला मगरी, पक्षी, आणि मधेच शिपयार्ड नावाची मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची वस्ती लागते, हे 1958 पासून मेक्सिकोतून आलेले जर्मन बोलीचे शेतकरी, अजून घोडागाडी वापरतात आणि ट्रॅक्टरला रबरी टायर लावू देत नाहीत, लोखंडी चाकं! (ते बघूनच तुमचे पैसे वसूल होतील.) लामानई म्हणजे बुडालेली मगर असा अर्थ सांगतात. तिथलं उंच मंदिर 33 मीटरचं आहे, एका मंदिरावर दगडी चेहरा आहे, माणसाच्या दुप्पट उंचीचा, पण समोर दिसतो ती फायबरची नक्कल, खरा मागे झाकून ठेवलाय, गाईड आपणहून सांगतीलच असं नाही. मायांच्या चेंडूच्या खेळाच्या मैदानात मधल्या दगडाखाली तर चक्क पारा सापडला होता.

पण तुम्ही मंदिरं बघून लगेच बोटीत बसू नका. त्याच आवारात, झाडीत, इंग्रजांनी 1860 च्या दशकात घातलेल्या साखर कारखान्याचे अवशेष आहेत, विटांचं बांधकाम, गंजलेलं मोठं चाक, आणि त्यावर झाडाची मुळं चढलेली. पंधरा-एक वर्षांत बंद पडला तो. मायांचं गाव जवळपास तीन हजार वर्षं टिकलं आणि कारखाना पंधरा! मी गेले तेव्हा आमच्या ग्रुपमधलं कुणी तिकडे वळलंच नाही, सगळे पिरॅमिडसमोर सेल्फीत.

जेवणाचं : मक्याच्या टॉर्टिया, नारळाच्या दुधातला भात मिळतो, पण घेवड्यात डुकराचं मटण घालायची पद्धत आहे, त्यामुळे दरवेळी विचारा, लाजू नका. ठेच्याची आठवण आली तर तिथला हाबानेरो मिरचीचा सॉस आहे, जपून.

आणि तारखेचं, डिसेंबरमध्ये जाऊ नका, तुमची स्वतःची तोड चालू असेल, सगळा जीव घरच्या फडात राहील. तिकडचा गळीत हंगाम साधारण जूनपर्यंत चालतो. तुमचा ऊस गेला की एप्रिलमध्ये निघा, पाऊसही नसतो आणि कारखानाही चालू सापडेल.