पूर्वग्रह नव्हे, पासंग

प्रश्न : गिरणी कामगारांच्या आरोग्यावरच्या एका लेखात ‘आकडेवारीतील पूर्वग्रह’ असं वाचलं. हे बरोबर आहे का? आणि ‘हेल्दी वर्कर इफेक्ट’ला मराठीत काय म्हणावं? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : बरोबर नाही. संख्याशास्त्रातला ‘बायस’, म्हणजे दर वेळी एकाच बाजूला पडणारी चूक, त्याचं हे भाषांतर. पूर्वग्रह माणसाच्या मनात असतो, आकड्यांना मन नसतं. तरी परळपासून पवईपर्यंत प्रत्येक चर्चासत्रात ‘पूर्वग्रहदूषित नमुना’ कानावर पडतोच, जणू नमुन्याचं कुणाशी वाकडं आहे! पाठ्यपुस्तकी ‘अभिनती’ अर्थाला चोख, पण मोठ्याने म्हणून बघा. ऐकणाऱ्याला अभिनेत्री आठवते.

आपल्याकडे ‘पासंग’ असताना ही उसनवारी कशाला? ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असं सगळेच म्हणतात, पासंग पाहिलेला मात्र विरळा. तराजूची रिकामी पारडी एका पातळीत नसली की हलक्या बाजूला दगड बांधतात, तो पासंग. पारड्यांत मुळात असलेला फरकही पासंगच. शब्द फारसी. ‘संग’ म्हणजे दगड, संगमरवरातला. ‘पा’ म्हणजे पाय. पारड्याच्या पायाशी बांधलेला दगड, असा अर्थ मी लावतो. याला ‘प्रसंगा’चा अपभ्रंश ठरवू पाहणाऱ्या शुद्धिवाद्यांनी भायखळ्याच्या भाजीबाजारात एक सकाळ काढावी.

असा मूळ फरक राहिलेल्या तराजूवर शंभरदा तोला, चूक त्याच बाजूला पडते. शंभराऐवजी दहा हजार कामगार मोजले तरी ती हटत नाही. समजा, सर्वसाधारण लोकसंख्येच्या मानाने १०० मृत्यू अपेक्षित होते आणि गिरणीत ८०च निघाले. मालक खूश! पण लोकसंख्येत अंथरुणाला खिळलेलेही येतात, गेटवर भरती होते ती धडधाकटांची. इंग्लंडात मृत्यूंची सरकारी आकडेवारी सांभाळणाऱ्या विल्यम ऑगल यांनी १८८५ मध्येच हे सांगून ठेवलंय : कष्टाच्या कामाला दणकट माणसं जातात आणि झेपेनासं झालं की सोडतात.

ते सोडणं जास्त फसवं. कार्डिंगच्या, म्हणजे कापूस पिंजण्याच्या, धुळीने छाती भरलेला माणूस हलक्या खात्यात जातो, नाहीतर हिशेब घेऊन रत्नागिरीला. मस्टरवर उरतात ते टिकलेले. मग जुने कामगारच ठणठणीत दिसायला लागतात. गावी गेलेल्याचा मृत्यू गावच्या दप्तरात, मुंबईच्या हिशेबात तो नाहीच. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये सुरुवातीला छाती आवळते ती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, आठवडा सरता सरता उतार पडतो. पाहणी आठवड्याच्या शेवटी ठेवली, तर तोही पासंग!

हो, ‘हेल्दी वर्कर इफेक्ट’ म्हणजे वर सांगितलेली ही धडधाकटांचीच भरती आणि त्यांचंच टिकणं. ‘निरोगी कामगार परिणाम’ नको. कामानेच माणूस निरोगी झाला असं वाटतं. ‘धडधाकट-निवडीचा पासंग’ म्हणा. लोकसंख्येऐवजी दुसऱ्या कारखान्यातल्या कामगारांशी तुलना केली की त्यातला बराचसा निघतो.