शाळेसमोरचं दुकान

प्रश्न : डॉक्टरबाई, माझं किराणा दुकान शाळेच्या फाटकापासून जेमतेम चाळीस पावलांवर आहे. मधल्या सुट्टीत वेफर्स-चटपट्याच्या पाकिटांच्या माळा, क्रीमची बिस्किटं आणि कोल्ड्रिंक यांवरच गल्ला भरतो. परवा हेडसर येऊन म्हणाले, पन्नास मीटरच्या आत हे विकायचं नाही, नियम आहे. अहो, पोरांना काय खायला द्यायचं ते आईबापांनी बघावं, सरकारनं मध्ये का पडावं? माझं स्वतःचं वजन 94 किलो आहे, त्याचं खापर मी सरकारवर फोडतो का? आणि बंदच करायचं तर कारखाने बंद करा की! सूनबाईचं म्हणणं उलटं. नातू दुपारी दुकानात बसतो आणि दिवसाला दोन पाकिटं फस्त करतो, म्हणून ती माझ्यावरच चिडते.
— एक दुकानदार, सांगली जिल्हा

उत्तर : 94 किलोंचं खापर तुम्ही स्वतःवर घेता हे वाचून बरं वाटलं. टेप घेऊन बेंबीच्या पातळीवर पोट मोजा. आपल्याकडच्या पुरुषांत घेर 90 सेंटिमीटरच्या वर गेला, की साखर आणि बीपी तपासून घ्यायचं. हे तुमच्या हातातलं आहे, तुम्हीच करा.

पण सगळंच आपल्या हातात नसतं. डालड्यातल्या ट्रान्स फॅटचं, म्हणजे हृदयाला घातक अशा चरबीचं, उदाहरण घ्या. बेकरीच्या खारीत ते किती आहे, हे गृहिणीला चाखून कळत नाही. 2022 पासून तेला-तुपात त्याची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली गेली. त्यासाठी कुणाला मनाचा निग्रह करावा लागला नाही. असं काम घरानं करायचं म्हटलं तर होणार कसं?

हेडसरांचा नियमही खरा आहे. जास्त साखर, मीठ किंवा चरबी असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांत आहे. नऊ वर्षांच्या मुलाच्या खिशात दहाची नोट असते, जबाबदारी नसते. आई त्या वेळी घरी किंवा कामावर असते. त्या दहा मिनिटांत मुलासमोर मोठं माणूस एकच असतं, ते म्हणजे तुम्ही. तुमच्या पत्रात आईबाप आले, सरकार आलं, कारखाना आला. गल्ल्यावरचा माणूस तेवढा राहून गेला.

कारखान्याबद्दल मात्र तुमचा राग मला पटतो. ब्रिटननं 2018 मध्ये गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला. शंभर मिलिलिटरला पाच ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही. कंपन्यांनी कर लागू व्हायच्या आधीच साखर कमी केली. गिऱ्हाइकाला उपदेश करावा लागला नाही. आपल्याकडे कोल्ड्रिंकवर सप्टेंबर 2025 पासून चाळीस टक्के जीएसटी आहे, पण साखर भरपूर असो वा अजिबात नसो, दर तोच. मग कंपनी साखर कमी कशाला करील? आणि त्याच दिवशी बिस्किटं-चॉकलेटं अठरावरून पाच टक्क्यांवर आली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. हा उलटा कारभार आहे, आणि त्यावर सरकारला जाब विचारायला हवाच. फक्त तो विचारेपर्यंत माळा टांगून ठेवायची सवलत मिळत नाही.

मीही फार शहाणी नव्हते. मिरजेत तीस वर्षं दवाखाना चालवला. समोरच्या आईला ‘बाहेरचं देऊ नका’ असं सांगायचे आणि इंजेक्शनला न रडलेल्या पोराला ड्रॉवरमधून चॉकलेट काढून द्यायचे. एकदा एका आजीनंच टोकलं, ‘बाई, हे बाहेरचं न्हवं का?’ ड्रॉवर त्या दिवसापासून रिकामा.

गल्ल्याचा प्रश्न खरा आहे, तो मी उडवून लावत नाही. माळा उतरवा, आणि समोरच्या बरण्यांत फुटाणे, भाजके शेंगदाणे, राजगिऱ्याच्या वड्या ठेवा. (वडीतही गूळ असतो, ती काही औषध नव्हे, एक पुरे.) मोसमात बोरं, पेरू, उकडलेल्या शेंगा. पहिले दोन-तीन महिने फटका बसेल. हेडसरांनाच सांगा, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा खाऊ तुमच्याकडून घ्या म्हणून. नियम दाखवायला आले होते, तेवढं त्यांनीही करावं.

नातवाला दुपारी दुकानात जरूर बसवा. आल्याबरोबर त्याला भाकरी-भाजी द्या आणि पाकिटांच्या मागचे साखर-मिठाचे आकडे वहीत उतरवायला लावा. दोन पाकिटांची बेरीज किती होते, ती मला पुढच्या पत्रात कळवा.