देशाला युद्धात लोटणाऱ्या नेत्याला जाब विचारता येतो का?
येतो, पण बहुतेकदा तो हरला असेल तरच. ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवर सैन्य धाडणारे अर्जेंटिनाचे लष्करशहा जनरल गाल्तिएरी १९८२ मध्ये आपल्या सैन्याच्या शरणागतीनंतर काही दिवसांतच पायउतार झाले, पुढे तुरुंगातही गेले. याउलट इराक बघा. अमेरिका आणि ब्रिटनच्या २००३ च्या हल्ल्याआधी शांततेचे मार्ग संपलेले नव्हते, हे या युद्धाच्या ब्रिटिश सरकारी चौकशीच्या चिल्कॉट अहवालाने स्पष्ट सांगितलं, पण २०१६ साली! तोवर हल्ल्यावेळचे पंतप्रधान टोनी ब्लेअर २००५ ची निवडणूक जिंकून, पद सोडून मोकळे झाले होते. इराकमध्ये मेलेल्या १७९ ब्रिटिश सैनिकांच्या घरच्यांनी एवढी वर्षं वाट पाहिली, आणि इराकी कुटुंबांना तर कुणी विचारलंच नाही. म्हणून माझ्या मते युद्धासाठी दिलेले पुरावे संसदेत आधीच तपासून मतदान झाल्याशिवाय सैन्य हलताच कामा नये, आणि ते पुरावे खोटे निघाले तर चौकशी लगेच व्हायला हवी.