फिल्टर परत येत नाही तेव्हा

प्रिय डॉक्टर,

काल फोनवर तू म्हणालीस, "सर, स्टेंट छान बसला, पण फिल्टर काढताना घाम फुटला." बरं झालं फुटला. कॅरॉटिडचं, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचं, काम स्टेंट उघडला की संपलं असं वाटतं, तिथेच आपण फसतो. सुटलेला गाळ अडवायला मेंदूच्या वाटेवर छत्रीसारखा उघडलेला फिल्टर अजून वरच असतो, आणि त्याला त्याच स्टेंटमधून खाली आणायचं असतं.

अडकतं ते रिट्रीव्हल कॅथेटरचं, म्हणजे फिल्टर मिटवून परत आणणाऱ्या नळीचं, तोंड. फिल्टरची वायर 0.014 इंचाची, तोंड तिच्याहून जाड. वळणावर वायर बाहेरच्या भिंतीला चिकटते आणि तोंडाची कड स्टेंटच्या तारेत रुतते. ओपन सेल, म्हणजे मोकळ्या जाळीचा, स्टेंट असेल तर जास्तच.

सुरुवातीच्या दिवसांत मी इथे जोर लावला होता. फिल्टर वर नाचला, धमनी आकसून दोऱ्यासारखी झाली, पेशंटचा हात उचलेना. धमनी सैल करायला नायट्रोग्लिसरीन दिलं, थांबलो. हात परत आला, पण तोवर मी देवकीकृष्णाला काय काय बोललो ते विचारू नकोस.

तू आधी हात थांबव. एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, बघ, 250 सेकंदांच्या खाली जाऊ देऊ नकोस. पेशंटला मान दुसरीकडे वळवायला सांग, आवंढा गिळायला सांग, मोठा श्वास घ्यायला सांग. बऱ्याचदा एवढ्याने कोन बदलतो आणि कॅथेटर सरकतो. नाहीच तर मॉनिटरवरच्या नाडीवर डोळा ठेवून मान बाहेरून हलकी दाबून बघायची. मग बाक असलेला कॅथेटर. स्टेंट पुन्हा फुगवणं त्यानंतर.

एक्स-रेत धमनी दाखवणारा डाय वर जाताना रेंगाळला तर फिल्टर गाळाने भरलाय असं समज. आधी ॲस्पिरेशन कॅथेटरने तिथलं रक्त ओढून घे. मग फिल्टर मिटव, पण करकचून नको. नारळाचा रस काढताना फडकं जास्त पिळलं की चोथा बाहेर येतो, तसंच.

आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून दाबलं की वाजणारं रबरी बदक आण. उजव्या कॅरॉटिडचं काम असेल तर ते पेशंटच्या डाव्या हातात द्यायचं, डाव्याचं असेल तर उजव्या, शिवाय बोलतं ठेवायचं. बलून फुगवताना, फिल्टर ओढताना "दाबा आजोबा" म्हणायचं. आवाज आला, म्हणजे हात चालतोय, की पुढे. नर्स हसतील, हसू दे. दोन आण, एक हरवतंच. आमच्या एका आजी तर ते नातवासाठी घरीच घेऊन गेल्या.

तुझा,
सर