डॅलसला येताय, तर विम्याबद्दल

तुमचे प्रश्न वाचले. पुण्याहून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर डॅलसला येताय, सोबत बायको आणि दमा असलेला सहा वर्षांचा मुलगा. कंपनीने दिलेल्या दोन प्लॅनपैकी कुठला घ्यावा, वडील गेल्यावर एकट्या पडलेल्या आईला इकडे आणता येईल का, आणि ‘तिकडे सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा द्यायची चर्चा चालू आहे, ती कधी लागू होईल?’ डिडक्टिबल कशाला म्हणतात, को-पे कशाला म्हणतात हे तुमच्या एचआरने पाठवलेल्या कागदांत असणारच, ते मी परत लिहीत बसत नाही. आधी शेवटचाच प्रश्न घेते, कारण तो वाचून माझं डोकं फिरलं. तुमच्यावर नव्हे.

लागू होणार नाही. निदान तुम्ही त्या भरवशावर येऊ नका. अध्यक्ष ट्रुमनने १९४५ मध्ये हेच मागितलं होतं, डॉक्टरांच्या संघटनेने ते हाणून पाडलं. १९६५ मध्ये म्हाताऱ्यांना मेडिकेअर आणि गरिबांना मेडिकेड हे सरकारी विमे मिळाले. २०१० मध्ये ओबामांचा कायदा आला. जुना आजार आहे म्हणून आता विमा नाकारता येत नाही, आणि तुमच्या लेकाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. पण तोही २०१७ मध्ये मोडीत निघता निघता वाचला, सिनेटर मॅकेनने मतदानात आपल्याच रिपब्लिकन पक्षाविरुद्ध अंगठा खाली केला म्हणून. आमच्या टेक्ससने तर त्यातला मेडिकेडचा विस्तार आजवर घेतलेला नाही. विमा नसलेल्यांचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त इथेच आहे.

आणि ही विम्याची पद्धत सुरू झाली तीही याच डॅलसमध्ये. १९२९ मध्ये इथल्या बेलर रुग्णालयाने शाळामास्तरांना योजना दिली: महिन्याला ५० सेंट भरा, वर्षात २१ दिवस दवाखान्यात राहायची सोय. त्यातून पुढे ब्लू क्रॉस हा आरोग्यविमा उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढ गोठवली, मग माणसं टिकवायला कंपन्या पगाराऐवजी विमा देऊ लागल्या, त्यावर करमाफी मिळाली, आणि विमा नोकरीला जो चिकटला तो चिकटलाच. २०२५ मध्ये कंपनीमार्फतच्या कौटुंबिक विम्याचा वर्षाचा सरासरी हप्ता २६,९९३ डॉलर होता. त्यातले सहा-सात हजार आपल्या पगारातून जातात, बाकीचे कंपनी भरते. म्हणजे तेही आपल्याच पगारातले, फक्त दिसत नाहीत.

ऑफिसात जेवताना यावर वाद होतात. एकजण म्हणतो, कॅनडात गुडघ्याच्या ऑपरेशनला किती थांबावं लागतं बघा. दुसरी म्हणते, इन्शुलिन पुरवून पुरवून घेणारी माणसं माझ्या घरात आहेत. दोघंही खरं बोलतात. मी डबा खाते. आता मी नागरिक आहे, मत देते, तरी तिथे तोंड उघडत नाही. कारण कुणीतरी विचारणार, तुमच्या देशात कसं असतं? मग माझ्या काकांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी आधी डिपॉझिट भरा म्हणून भावाला रात्रभर पैशासाठी फिरवलं होतं, ते सांगावं लागेल.

हप्त्यापेक्षा जास्त छळतात ती पत्रं. प्रत्येक तपासणीनंतर एक पत्र येतं, त्यावर ठळक लिहिलेलं असतं की हे बिल नाही. खरं बिल निराळं येतं, दवाखान्याचं एक, डॉक्टरचं दुसरं, लॅबचं तिसरं. नवराबायको दोघांच्या नोकरीत विमा असला आणि मूल दोन्हीकडे लावलं, तर मुलाचा पहिला विमा कोणाचा? ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याचा. थट्टा नाही, असा नियमच आहे. माझा वाढदिवस ४ नोव्हेंबर, नवऱ्याचा जुलैतला. कुठल्याशा कारकुनाने माझी तारीख उलटी भरली, महिना आधी आणि दिवस नंतर अशी इथली रीत, त्यात मी ११ एप्रिलची झाले. माझी विमा कंपनी म्हणे नवऱ्याचा विमा पहिला, त्याची म्हणे माझा. मुलीच्या न्युमोनियाचं बिल मधल्यामध्ये लोंबकळत राहिलं, शेवटी वसुलीवाल्यांचं पत्र आलं. दर वेळी फोनवर नवा माणूस, आणि दर वेळी ‘तुमची जन्मतारीख सांगा’ पासून सुरुवात. मुलाला एकाच विम्यात घाला आणि तारखेत महिना अक्षरांत लिहा.

अजून राग येतो तो शाळेच्या प्रकाराचा. मुलगी तिसरीत होती, तिलाही दमा. इन्हेलर शाळेतल्या नर्सकडे होता, पण डॉक्टरच्या सहीचा फॉर्म गेल्या वर्षीचा म्हणून तो देता येईना. मला फोन करून पंधरा मिनिटांत बोलावता आलं असतं. त्यांनी अँब्युलन्स बोलावली. पोरगी सुखरूप होती. अँब्युलन्स नेटवर्कबाहेरची, म्हणजे आमच्या विमा कंपनीशी करार नसलेली निघाली, चौदाशे डॉलर. २०२२ पासून अशा अचानक बिलांविरुद्ध केंद्राचा कायदा आहे, पण त्यात हेलिकॉप्टर बसतं आणि रस्त्यावरून धावणारी गाडी बसत नाही. असो. त्या बिलावरून आम्हा दोघांची स्वयंपाकघरात जुंपली, ती तिने ऐकली. पुढे काही महिन्यांनी मधल्या सुट्टीत पडली, मनगट सुजलं, आणि ती दिवसभर हात स्वेटरच्या बाहीत लपवून बसली. घरी आल्यावर म्हणाली, “नर्सकडे गेले नाही गं, बिल आलं असतं.” आठ वर्षांचं पोर. शाळेने नंतर पत्र पाठवलं, की पालकांनी फॉर्म वेळेवर नूतनीकरण करावेत.

तुमच्या लेकाचा फॉर्म शाळा सुरू व्हायच्या आधी द्या, आणि एक प्रत दप्तरात ठेवा.

एकटेपणाचं सगळे विचारतात, तुम्ही विचारलं नाहीत, बरं केलंत. इथे महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती आहे, भाकरीचं पीठ मिळतं. होतं सगळं.

नोकरीचं मात्र बोलते. नोकरी गेली की एच-१बीला नवी नोकरी शोधायला नाहीतर देश सोडायला ६० दिवस मिळतात. विमा बहुधा त्या महिन्याअखेर बंद होतो. कोब्रा म्हणून सोय आहे, तोच विमा १८ महिने चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा आणि वर दोन टक्के. पगार नसताना. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा माझा विमा होता म्हणून निभावलं. तेव्हापासून मी या नोकरीत बसून आहे. काम मला कधीच नकोसं झालंय, साहेब तर त्याहून. सासरचे म्हणतात, हिला करिअर फार प्रिय. मी त्यांना इन्हेलरची किंमत सांगत नाही.

आता तुमची आई. एच-१बीवर असताना त्यांना फक्त पाहुणी म्हणून आणता येईल. पाहुण्यांचा विमा मिळतो, पण साखर, बीपी असं जुनं काही असेल तर त्यातलं बहुतेक वगळलेलं असतं. ती छोटी अक्षरं पैसे भरण्याआधी वाचा. मी नागरिक, म्हणून माझ्या आईला मी ग्रीन कार्डवर आणू शकते, ती पंचाहत्तरीची आहे. पण तिला मेडिकेअर पाच वर्षं इथे राहिल्यावर, आणि तेही हप्ता भरून. तोवर बाजारातला विमा. तिकडे इचलकरंजीत तिला सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड मिळालंय, पाच लाखांचं, उत्पन्न न विचारता. गल्लीतले डॉक्टर दोनशे रुपयांत घरी येऊन बीपी बघतात आणि चहा पिऊन जातात. तिचा अर्ज मी भरून ठेवलाय, पाठवलेला नाही. बहीण विचारते, कधी नेणार? मी हिशेब सांगते. हिशेब खरा आहे, पण तेवढंच कारण आहे का, हे मला विचारू नका.

राहिला प्लॅन. तरुण, धडधाकट जोडप्याला मी कमी हप्त्याचा, मोठ्या डिडक्टिबलचा, म्हणजे विम्याने पैसे द्यायच्या आधी खिशातून जास्त भरायला लावणारा घ्या म्हटलं असतं, कारण त्यासोबतचं एचएसए, म्हणजे औषधोपचारासाठी करमुक्त पैसे साठवायचं खातं आपलंच राहतं, नोकरी बदलली तरी. दम्याच्या मुलासाठी मात्र महागातला घ्या, आणि घेण्याआधी त्याच्या इन्हेलरचं नाव त्यांच्या औषधांच्या यादीत आहे का ते बघा. यादी दरवर्षी बदलते, म्हणून दर नोव्हेंबरात पुन्हा बघा. दात मात्र तिघांचेही पुण्यातच करून या. दातांचा विमा इथे वेगळा असतो आणि एका रूट कॅनालमध्ये संपतो. आमच्या इचलकरंजीच्या निम्म्या फेऱ्या दातांसाठी झाल्यात, नातेवाइकांना आम्ही सांगतो तुमच्या ओढीने आलो.